ती तीन लिटर हवा कुठे ठेवायची: ड्रायसूटमध्ये की विंगमध्ये?

कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून मालवण गाठलं की स्कूबा डायव्हिंगला तीन मिलिमीटरचा वेटसूटही (आत पाणी शिरू देणारा रबरी सूट) पुष्कळ होतो. त्यामुळे ड्रायसूटचा, म्हणजे अंग कोरडं ठेवणाऱ्या, आत हवा भरता येणाऱ्या सूटचा विषय आपल्याकडे सहसा निघत नाही. तो निघतो, कुणी आइसलँडला सिल्फ्रा नावाच्या, पाण्यानं भरलेल्या भेगेत उतरायचं ठरवतं तेव्हा. तिथलं पाणी बारा महिने 2 ते 4 अंशांवर असतं. सध्या आमच्या पेठेतली दोघं-तिघं त्याच तयारीत आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: पाण्याखाली बॉयन्सी (न बुडता, न वर जाता तरंगत राहण्याचा तोल) सूटमधल्या हवेनं सांभाळायची की विंगमधल्या, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या पिशवीतल्या? मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत, म्हणून लिहितोय.

आधी शिशाचं, म्हणजे खाली राहण्यासाठी अंगावर बांधायच्या वजनाचं बघू. मालवणला लागलेला आकडा तिथे चालत नाही. ड्रायसूटच्या आत घालायच्या जाड अंडरसूटमध्ये हवा अडकते, ती वर उचलते, म्हणून वजन बरंच वाढवावं लागतं. उलट सिल्फ्राचं पाणी गोडं आहे. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणजे सामानासकट 100 किलो भरणाऱ्या माणसाला तिथे अडीच किलो कमी पुरतं. वजनाची खरी परीक्षा डाइव्हच्या शेवटी घ्यावी: सिलिंडरमध्ये 50 बार (हवेच्या दाबाचं माप), खोली 5 मीटर, विंग रिकामी, सूटमध्ये अंग आवळणार नाही इतकीच हवा. अशा वेळी श्वास नेहमीसारखा घेत जागच्या जागी राहता आलं, की वजन बरोबर. ‘असू देत दोन किलो जास्तीचे’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. त्या दोन किलोंपायी दोन लिटर हवा सबंध डाइव्हभर अंगावर बाळगावी लागते.

वजन नेमकं असलं तरी थोडी हवा लागतेच. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला मावणारी हवा स्वतःच जवळपास तीन किलोंची असते. सुरुवातीला तो भार तोलायला तीन लिटर हवा कुठेतरी भरावी लागते.

ती सूटमध्येच भरण्याची पद्धत बरेच प्रशिक्षक शिकवतात, आणि ती चुकीची नाही. छातीवरचं एकच बटण, जाड हातमोज्यांतूनही चटकन सापडतं. सूट जरा फुगलेला राहिल्यानं ऊबही बरी मिळते. वर येताना एकाच जागची हवा सोडायची असते. पहिल्यांदाच ड्रायसूट घालणाऱ्याला हे सोपं वाटणं साहजिक आहे.

माझं मन मात्र पायांनी फिरवलं. सूटमधली हवा एका जागी थांबत नाही. खालचं काही बघायला डोकं जरा खाली केलं की ती पाठीवरून सरकत पोटऱ्यांकडे जाते. बूट फुगतो, टाच आत सैल होते, फिन निसटेल असं वाटायला लागतं. हवा सोडायचा व्हॉल्व्ह डाव्या दंडावर आणि हवा घोट्यात, मग ती बाहेर पडणार कशी? गुडघे पोटाशी घेऊन गोल फिरायचं आणि खांदा वर आणायचा, तेव्हा कुठे ती सुटते. तोवर आपण वर सरकलेलो असतो. 10 मीटरवरची तीन लिटर हवा 5 मीटरवर चार लिटर होते आणि पृष्ठभागाशी सहा. जिथे आपल्याला स्थिर राहायचंय तिथेच ती सर्वांत वेगानं फुगते. घोट्यांना वजन बांधून पाय खाली राहतात खरे, पण प्रत्येक किकला ते ओढत न्यावे लागतात. मला तरी ते सोसलं नाही.

विंगमधली हवा पाठीवर, सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना राहते. सूटमध्ये फक्त आवळ सुटेल इतकी. पाय हलके राहतात, शरीर आडवं राहतं, आणि सूटमध्ये पाणी शिरलं तरी उचल देणारी विंग शाबूत असते. विंगमध्ये हवा भरायचा-सोडायचा इन्फ्लेटर हातमोज्यांतून चाचपडावा लागतो, हे कबूल. सैल बुटांचा सूट भाड्यानं मिळाला तर थोडी हवा पायात जाणारच.

दोन ठिकाणची हवा एकदम कशी सांभाळायची, ही शंका मात्र मला फारशी पटत नाही. वर निघण्याआधी दंडावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा करावा आणि डावा कोपर उंच ठेवावा. सूटची हवा आपोआप जात राहते आणि इन्फ्लेटर धरलेल्या त्याच हातानं विंगची सोडता येते. ही हालचाल मालवणच्या कोमट पाण्यात, साध्या वेटसूटवरही आधी घोटून घेता येते.