प्रोटो-साउंड २ इंजिनासाठी ८.४ व्होल्टची बॅटरी की कपॅसिटर?

एमटीएच या अमेरिकी कंपनीचं, प्रोटो-साउंड २ ही आवाजाची आणि नियंत्रणाची यंत्रणा असलेलं खेळण्यातलं रेल्वे इंजिन रुळांवर उभं असताना ट्रान्सफॉर्मर बंद केला तर ते लगेच गप्प होत नाही. काही सेकंद घुमत राहतं, मग शांत होतं. हे काही सेकंद गायब झाले आणि वीज जाताक्षणी आवाज कापल्यासारखा थांबला, तर मोटर किंवा स्पीकर उघडत बसू नका. दोष बहुधा बॅटरीत आहे. तपासण्याआधी मात्र इंजिनाला मिनिटभर तरी वीज मिळू द्या, नाहीतर चांगली बॅटरीही नापास होईल.

ही बॅटरी गाडी ओढत नाही. तीन रुळांवर चालणाऱ्या ओ गेज (मॉडेल रेल्वेचं एक माप) इंजिनाची मोटर रुळांतल्या विजेवरच चालते. बॅटरीचं काम दोन प्रकारचं: दिशा बदलताना ट्रान्सफॉर्मरचं बटण दाबलं की वीज क्षणभर तुटते, तेवढ्यात आवाज टिकवणं, आणि वीज पूर्ण गेल्यावर इंजिनातल्या सर्किट बोर्डाला आपल्या नोंदी लिहून घ्यायला उसंत देणं. म्हणून बॅटरी मेलेलं इंजिन डीसीएसवर (एमटीएचची हॅण्डसेटने गाडी चालवायची यंत्रणा) दिवसभर छान पळतं, पण त्याला दिलेला नवा क्रमांक दुसऱ्या दिवशी विसरलेलं असतं. हॅण्डसेट बिघडला असं वाटतं ते यामुळेच.

आधी टेंडर (वाफेच्या इंजिनामागचा कोळशाचा डबा) किंवा डिझेल इंजिनाचा शेल, म्हणजे वरचं कवच, उघडून आत काय आहे ते बघा. चौकोनी, वर दोन स्नॅपची (बटणासारखी टोकं), नऊ व्होल्टच्या मापाची बॅटरी दिसली तर बोर्ड ५ व्होल्टचा. दोन सेलचा छोटा पॅक आणि दोन पिनांचा प्लग असेल तर बोर्ड ३ व्होल्टचा, त्याला २.४ व्होल्टचा पॅक लागतो. प्रोटो-साउंड ३ मध्ये बॅटरीच नसते, बोर्डावरच सुपरकपॅसिटर असतात. पुढचं सगळं ५ व्होल्टच्या बोर्डाबद्दल आहे.

पर्याय दोन. एक, निकेल मेटल हायड्राइडची ८.४ व्होल्टची बॅटरी. दुसरा, जे अँड डब्ल्यू इलेक्ट्रॉनिक्सचा 'बीसीआर', म्हणजे बॅटरीच्या जागी बसणारा कपॅसिटरचा ठोकळा. (३ व्होल्टच्या बोर्डासाठी त्यांचाच 'बीसीआर २' येतो.) महिन्यातून एकदा किंवा फक्त नाताळात गाडी काढणाऱ्याने सरळ कपॅसिटर घ्यावा. महाग पडतो, पण पुन्हा शेल उघडावा लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा गाडी चालत असेल तर बॅटरीही पुरते, आणि पैसे वाचतात.

बॅटरी घेताना वेष्टनावरचं '९ व्होल्ट रिचार्जेबल' हे मोठं अक्षर वाचून फसू नका, खालची बारीक अक्षरं वाचा. एका सेलचे १.२ व्होल्ट. ७ सेल असले की ८.४, आणि तेच हवेत. बाजारात त्याच मापात ६ सेलची ७.२ व्होल्टची मिळते, ती कमी पडते. ८ सेलची ९.६ व्होल्टचीही मिळते, ती इथल्या चार्जिंगला कधी नीट भरत नाही. साधी अल्कलाइन तर मुळीच नको. रुळांत वीज असेपर्यंत बोर्ड बॅटरीत करंट ढकलत राहतो. अल्कलाइन चार्ज होत नाही, ती पाझरते, आणि तो पांढरा क्षार स्नॅपच्या तारेतून आत चढतो. यूएसबीने चार्ज होणारी लिथियमची चौकोनी बॅटरी हा त्याहून वाईट प्रकार. तिला वेगळ्या पद्धतीचं चार्जिंग लागतं, ते या बोर्डाकडे नाही. स्मोक अलार्ममधली काढून 'तात्पुरती' लावायचा मोहही टाळलेला बरा.

'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेली मिळाली तर तीच घ्या. साधी बॅटरी कपाटात पडूनही दोन-तीन महिन्यांत बरीच उतरते, ही वर्षभरानंतरही कामापुरती भरलेली सापडते. क्षमता १५० ते २५० एमएएच कितीही चालेल. पहिलं चार्जिंग बाहेर करावं: १५० एमएएचला १५ मिलिअँपिअरने साधारण १४ ते १६ तास.

जुनी बॅटरी खरंच मेली आहे का, हे नुसत्या मल्टिमीटरवर कळत नाही. भार नसताना मेलेली बॅटरीही साळसूदपणे ८.६ दाखवते. १०० ओमचा १ वॉटचा रेझिस्टर दोन टोकांना लावा, म्हणजे ८० मिलिअँपिअरच्या आसपास करंट वाहील. १० सेकंद थांबून वाचा. भरलेली बॅटरी ८ च्या वर टिकते. घसरून ७.२ च्या आसपास थांबली तर एक सेल गेला आहे, आणि कितीही चार्ज केली तरी तो परत येत नाही. (मल्टिमीटरमध्येही बहुधा तशीच नऊ व्होल्टची असते. ती उतरली की कित्येक मीटर आकडा चढाच दाखवतात, म्हणून आधी ती बघा.)

आता नव्या बॅटरीनंतरही आवाज कापला जातोय, ही सगळ्यात वैताग आणणारी तक्रार. अशा वेळी संशय चार्जिंगच्या जॅकवर, म्हणजे बाहेरून चार्जर लावायच्या खाचेवर घ्या. बॅटरीची तार सरळ बोर्डाला जात नाही, जॅकमधून जाते. आतली पत्ती टेकलेली असेल तरच बोर्डाला वीज मिळते. पत्तीवर काजळी धरली किंवा ती वाकली, तर बॅटरी भरलेली आणि बोर्ड उपाशी. ट्रान्सफॉर्मर बंद ठेवून एकदा स्नॅपवर आणि एकदा बोर्डाकडच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. स्नॅपवर ८.६ आणि प्लगवर शून्य, किंवा उगाच वरखाली होणारा आकडा, म्हणजे जॅकच. योग्य मापाची पिन दहा-वीस वेळा आत-बाहेर करा, मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. फरक पडला नाही तर बॅटरीकडून जॅकच्या पत्तीला येणारी तार आणि तिथून बोर्डाला जाणारी तार एकमेकींना सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब चढवा. कपॅसिटर बसवणाऱ्यांना जॅकची गरजच उरत नाही, तेव्हा त्यांनी हे आधीच करून टाकलेलं चांगलं.

बसवताना एकच चूक बोर्ड मारते: उलटे टोक. स्नॅप लावताना क्षणभर उलटं टेकवलं तरी पुरे. बॅटरीवर गोल, लहान टोक अधिक; रुंद, पाकळ्यांचं टोक उणे. तारेच्या स्नॅपवर हे उलट दिसतं, कारण गोल टोक पाकळ्यांत शिरतं. अंधारात, टेंडर हातात तिरका धरून हे काम करू नका. जुना स्नॅप तार ओढून काढू नये, पातळ चपट्या स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचलावा. स्नॅप हिरवा पडला असेल तर घासत बसण्यापेक्षा नवा जोडा. शेल बंद करताना स्पीकरची तार कडेला चिमटली जात नाही ना, ते बघून मगच स्क्रू घट्ट करा.

कपॅसिटरची सवय थोडी वेगळी लागते. तो भरायला साधारण मिनिटभर जातो. ट्रान्सफॉर्मर चालू केल्यापासून पाच सेकंदांत दिशा बदलायचं बटण दाबलं तर आवाज तुटणारच, त्यात बिघाड नाही. इंजिनाला नवा क्रमांक द्यायचा असेल तर आधी रुळांवर एक मिनिट उभं राहू द्या, मग क्रमांक द्या. वीज गेल्यावरचा आवाजही बॅटरीपेक्षा लवकर संपतो. ऐकायला चुकचुकल्यासारखं होतं, पण नोंदी लिहायला तेवढा वेळ पुरतो.

अमेरिकेतून सामान हलवून पुण्या-मुंबईकडे आणणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिकडचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो थेट घातला तर बॅटरीची चर्चाच उरणार नाही. पुरेशा वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये हवाच. आणि एप्रिल-मेमध्ये माळ्यावर ठेवलेल्या इंजिनातली बॅटरी उष्णतेने लवकर उतरते. माळ्यावर टाकण्याआधी स्नॅप काढून ठेवा, किंवा आधीच कपॅसिटर बसवा.

जुनं प्रोटो-साउंड १ इंजिन घरात असेल तर क्रम उलटा. आधी भरलेली बॅटरी किंवा कपॅसिटर आत, मगच रुळांवर वीज. मेलेल्या बॅटरीवर ते चालू करून अर्ध्यात वीज काढली तर आवाजाच्या चिपमधल्या नोंदी विस्कटतात, आणि मग बॅटरी बदलूनही काही उपयोग होत नाही.