मुलीच्या एमएच्या नोट्स : आठ महिने आंब्याच्या कलमांच्या बागेत वापरून

वस्तू साधी आहे. राज्यशास्त्राच्या एमएच्या झेरॉक्स नोट्स, हॉब्ज, रूसो, लॉक, हेगेल, मार्क्स अशा युरोपातल्या विचारवंतांवरच्या, मराठीत, स्पायरल बाइंडिंग, पाठपोट २१२ पानं. मुलगी दसऱ्याला घरी आली तेव्हा आणल्या आणि जाताना विसरली. "बाबा, जपून ठेवा" असा फोन आला तोवर माझी चाळीस पानं वाचून झाली होती. तिने मैत्रिणीकडून दुसरी प्रत काढून घेतली, ही माझ्याकडेच राहिली. ऑक्टोबर ते मे, देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेत, कधी स्कूटरच्या डिकीत, कधी मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, कधी पेट्या भरताना पेंढ्यावर.

बांधणीचं आधी सांगून टाकतो. आंब्याच्या चिकापुढे टिकत नाही. देठ मोडताना चीक उडाला तो नेमका रूसोवर, तिथे कागद तपकिरी पडलाय. हॉब्जची दोन पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

हॉब्ज मी पहिला वापरला, कारण तो पहिला होता. १६५१ साली इंग्लंडातल्या यादवीच्या धामधुमीत लिहिणारा माणूस. त्याचं म्हणणं, धाक घालणारी सत्ता नसेल तर माणूस माणसावर उठतो. पटत नसेल तर तो वाचणाऱ्यालाच कोंडीत पकडतो: रात्री दार लावून झोपतोस ना? घरातल्या पेटीलासुद्धा कुलूप लावतोस ना? मग माणसाविषयी तुझं खरं मत काय, ते तुझं कुलूप सांगतंय. एप्रिलमध्ये बागेत बॅटरी घेऊन फिरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पण फेब्रुवारीत सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वणवा लागला, तेव्हा वाडीतला प्रत्येक माणूस आग झोडपायला हिरव्या डहाळ्या घेऊन धावला. त्यात आमच्याशी बोलणं टाकलेलेही होते. कुणी बोलावलं नव्हतं, पोलीस तर नव्हतेच. हॉब्जला विचारलं तर तो काहीतरी उत्तर देईलच, पण मला त्या चिकटलेल्या पानांत ते सापडलं नाही.

रूसो मी थोडक्यात आटपतो. जमिनीला कुंपण घालून "हे माझं" म्हणणारा पहिला माणूस आणि त्यावर विश्वास ठेवणारे भोळे लोक, हे त्याने १७५५ मध्ये लिहिलं. कोकणात कुंपण नाही, गडगा, म्हणजे दगड रचून घातलेला बांध. आणि आमचे लोक भोळे अजिबात नाहीत. गडगा हातभर सरकला तर तिसरी पिढी कोर्टात असते. रूसोला कोकणातला गडगा दाखवायला हवा होता.

खरा वापर झाला लॉकचा. पानं सगळ्यात जास्त याचीच मळली आहेत.

त्याचं म्हणणं असं: जमीन सगळ्यांची, पण माणसाचं शरीर आणि त्याचे श्रम त्याचे स्वतःचे. त्याने आपले श्रम जमिनीत मिसळले की ती त्याची झाली. पुढे तो हिशेबही करतो, की जमिनीतून येणाऱ्या उपयोगी वस्तूंच्या किमतीत दहातले नऊ हिस्से श्रमाचे असतात. मग स्वतःच सुधारून म्हणतो, बऱ्याचदा शंभरातले नव्व्याण्णव. हे वाचून मी मांगराच्या दारात उठून उभा राहिलो. आमची बाग कातळावर आहे. तिथे माती नव्हतीच. माझ्या आजोबांनी सुरुंगाने खड्डे पाडून घेतले, खालून व्हाळाकडची माती डोक्यावरून आणून भरली, पहिली तीन-चार वर्षं कळशीने पाणी घातलं. श्रम मिसळणं म्हणजे काय ते लॉकला वाक्यात लिहावं लागलं. आमच्या सड्यावर खड्डा खणून बघितला तर दिसतं.

आणि आजोबा मालक नव्हते. खोताचे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे, कूळ होते. मेहनत त्यांची, गावावर हक्क खोताचा. इथे नोट्समधल्या इंग्लंडला माझ्या डोक्यात आमचा इतिहास येऊन चिकटला. अलिबागेजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ मध्ये संप केला, जमिनी ओसाड टाकल्या, सहा वर्षं तग धरली. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. मग कुळकायदा, त्यातली १ एप्रिल १९५७ ही तारीख, कसणाऱ्याला मालक मानणारी. आमच्या सातबारावर आजोबांचं नाव आलं ते या वाटेने. लॉकचं नावही त्यांनी ऐकलं नव्हतं, पण ते त्याचंच म्हणणं लढून घेत होते, असं मला डिसेंबरपर्यंत छातीठोकपणे वाटत होतं.

जानेवारीत पान उलटलं. लॉक उदाहरणं देतो: माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत, माझ्या नोकराने कापलेली ढेकळं, मी खणून काढलेलं खनिज, हे सगळं माझं. वाक्यात नोकर घोड्याच्या शेजारी बसवलाय आणि त्याची मेहनत मालकाच्या खात्यात गेलीय. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. समोर आमचा नेपाळी राखणदार फवारणीची नळी गुंडाळत होता.

अकरा वर्षं तो येतोय. पावसाळा सरला की बायकोमुलांसह मांगरात राहायला येतो, मिरगाआधी परत जातो. फवारणी, राखण, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवणं, सगळं त्याचं. मी स्कूटरवरून येतो आणि विचारतो, "कौनसे पेड को मोहोर आया?" आता यावर हेगेल १८०७ मध्येच बोलून ठेवलंय: मालक वस्तू फक्त उपभोगतो, सेवक तिच्यावर काम करतो, म्हणून वस्तू कशी आहे हे सेवकालाच कळतं आणि मालक त्याच्यावर अवलंबून राहतो. जग खरं की मिथ्या हा वाद आमच्याकडे भजनानंतर पारावर चालतो. ज्याला मिथ्या वाटतं त्याने थ्रिप्स किडीने करपलेला मोहोर हातात घेऊन बघावा. पण बघणारा मी नसतो, तो असतो. मला करपा व्हॉट्सॲपवर कळतो.

घरी जेवताना हे बोललो, तर आई म्हणाली, "मगे त्याका लिवन दी सगळा, आणि तू जा नेपाळाक."

शेवटी त्यालाच विचारलं. मार्चची दुपार, पेटीला खिळे मारत होता. मी म्हटलं, मेहनत तुझी, मग बाग कोणाची? तो हसला. म्हणाला, "शेठ, मेरा खेत तो उधर भाई करता है. तो क्या खेत भाई का हो गया?"

२१२ पानांत या प्रश्नाचं उत्तर नाही. मी शोधलं.

मार्क्सकडून माझी अपेक्षा वेगळी होती. १८४४ मध्ये पॅरिसात, सव्विसाव्या वर्षी त्याने जे लिहिलं ते छापून आलं १९३२ ला. त्यातली परात्मता, म्हणजे माणसाने केलेली वस्तूच त्याला परकी होणं. मला वाटलं, हे राखणदाराला लागू पडेल. पडलं नाही, निदान आंब्याबाबतीत नाही. तो आणि त्याची पोरं माझ्यापेक्षा जास्त आंबे खातात आणि सगळ्यात गोड कलम कुठलं हे त्यांनाच ठाऊक. लागू पडलं ते मला. पेटी गाडीत चढली की तिचं काय झालं हे वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येईल तेव्हा कळतं. यंदा एका दलालाच्या पट्टीत माझे पाच डझनी पेट्यांमधले बरेचसे आंबे "डागी" ठरले. मी स्वतः निवडून भरलेले. हमाली, तोलाई, कमिशन कापून उरलेला आकडा बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हा आंबा मी कधी हातात घेतलाच नव्हता.

कोणी घ्याव्यात: ज्याच्याकडे जमीन आहे आणि जो त्यावर स्वतः राबत नाही, त्याने. झोप लवकर लागत असेल तर नक्की. तयार उत्तर हवं असणाऱ्याने मुलीच्या गाईडकडे वळावं, त्यात शेवटी पाच मुद्दे आहेत.

मे अखेरीस हिशेब करताना मी राखणदाराला म्हटलं, पुढच्या वर्षीपासून विहिरीजवळची दोन कलमं तुझी, त्यांचा आंबा तू विक, पैसे तुझे. बराच वेळ तो त्या कलमांकडे बघत राहिला. मग म्हणाला, पेड नको शेठ, त्यांना पुढच्या वर्षी मोहोर येणार नाही. येतानाचं गाडीभाडं दसऱ्याआधी पाठवा.