जुना मॅसी १०३५: अकरा महिन्यांचा हिशेब, आणि न घेतलेल्या दोन ट्रॅक्टरांबद्दल

गेल्या बेंदराच्या आठ दिवस आधी १९८७ सालचा मॅसी फर्ग्युसन १०३५ घरी आणला. तेव्हापासून वहीत नोंद ठेवतोय, कारण तासांचा मीटर आल्यापासून बंदच आहे. वहीप्रमाणे आजवर ३८६ तास झाले. शेती कऱ्हाडच्या बाजूला, पावणेसहा एकर, निम्मी काळी, निम्मी मुरमाड. ऊस, त्यात खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटलेला ऊस), आणि रिकाम्या रानात सोयाबीन-हरभरा. एवढ्या रानासाठी आठ-नऊ लाखांचा नवा ट्रॅक्टर घेऊन हप्ते फेडण्यात मला अर्थ दिसत नव्हता. भाड्याचा ट्रॅक्टर वापशावर, म्हणजे रानात बेताची ओल असताना, कधीच मिळत नाही. मिळतो तेव्हा रान एकतर ओलं असतं नाहीतर दगड झालेलं.

पाहिले तिघं: महिंद्राचा जुना बी-२७५, स्वराज ७३५ आणि हा मॅसी. तिन्ही पस्तीस हॉर्सपॉवरच्या आसपासचे, तिन्ही एक लाख ते एक लाख साठच्या दरम्यान. कागदावर सारखेच वाटतात, पण मुळं वेगळी आहेत.

मन बी-२७५ वर होतं, हे आधीच कबूल करतो. आमचे आप्पा तरुणपणी भावकीच्या सामाईक बी-२७५ वर ड्रायव्हर होते. आमच्याकडे त्याला अजून 'इंटरनॅशनल' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मूळ ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, त्यांच्या इंग्लंडमधल्या कारखान्यातला. महिंद्राने १९६३ साली त्यांच्यासोबत कंपनी काढली आणि तो मुंबईत कांदिवलीला बनू लागला. चार सिलिंडर, १४४ घनइंचांचं म्हणजे २.३ लिटरच्या वरचं इंजिन, पुढचे आठ गिअर. आवाज एकसारखा, गोड. मी पाहिलेला १९७९ चा होता, नावापुढे डीआय (डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर) नसलेला. म्हणजे डिझेल आधी इंजिनाच्या डोक्यातल्या छोट्या खोलीत पेटणार आणि मग पिस्टनवर येणार. अशा इंजिनाला थंडीत हीटर तापवल्याशिवाय गत्यंतर नाही. मालकाने आम्ही पोचायच्या आधीच सुरू करून ठेवला होता. माझ्या मिस्त्रीने मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या धुराच्या नळीला, हात लावला, काही न बोलता माझ्याकडे पाहिलं आणि तंबाखू मळत बाजूला जाऊन बसला. जुना ट्रॅक्टर बघायला जाताना फोनवरच सांगा, "आम्ही येईपर्यंत चावी लावू नका." तरीही गरम सापडला तर तासभर थांबा, नाहीतर परत या.

तरीपण मी तो घेतला असता. नडला तो कागद. आरसी बुकातला इंजिन नंबर वेगळा आणि ब्लॉकवरचा वेगळा. कधीतरी ब्लॉक फुटला असेल, दुसरा बसवला असेल, आरटीओत नोंद कोणी केली नसेल. मालक म्हणाला, "कोण बघतंय दादा?" पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला न्यायचा ट्रॅक्टर आहे, तिथे बघतात. नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० भरायचे, त्यात चासी आणि इंजिन दोन्ही नंबर लागतात. शिवाय जुन्या ट्रॅक्टरांवर कुठल्या ना कुठल्या बँकेचा बोजा आरसीवर तसाच लटकलेला असतो. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण बोजा उतरवायला कोणी गेलेलंच नाही. माझ्या मॅसीवरही होता. तो मालकाकडून फॉर्म ३५ आणून उतरवून घेतला, मगच उरलेले चाळीस हजार हातात दिले. हे आधी झालं नसतं तर मी अजून हेलपाटे घालत असतो.

स्वराज ७३५ बद्दल थोडक्यात. हा या मातीतला ट्रॅक्टर. परदेशी नकाशा न घेता दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आराखडा झाला आणि १९७४ पासून पंजाब ट्रॅक्टर्सने मोहालीला स्वराज बनवायला घेतले. इंजिन किर्लोस्करचं, त्यामुळे आपल्या भागात त्याच्या इंजिनाला हात न लावणारा मिस्त्री सापडणार नाही. मी पाहिलेला सिंगल क्लचचा होता, टायर संपलेले आणि मालक एक लाख साठवर अडून बसलेला. टायरचा जोड घालायचा म्हणजे वर पन्नास हजार. तिथेच विषय संपला.

आता मॅसी. इंजिन सिम्प्सनचं, पर्किन्स या इंग्लंडच्या इंजिन कंपनीच्या घराण्यातलं, तीन सिलिंडर. टाफे कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासला मॅसी फर्ग्युसनशी करार करून ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली आणि १०३५ हा मूळच्या इंग्लंडी मॅसी ३५ चाच नातू. मिस्त्रीचं म्हणणं साधं होतं, "तीन भांडी घासायची का चार?" फुल इंजिन काम निघालं तर तीन लायनर, तीन पिस्टन, तीन नोझल. बी-२७५ ला सगळं चार. शिवाय मॅसीच्या पिस्टनचा फेरा लांब, त्यामुळे कमी आरपीएमलाही तो ओढतो. थंड इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये लागलं. तेल भरायचं झाकण काढून पाहिलं, तिथून धुराचा झोत नव्हता, जरासा वाफारा होता. जुन्या माणसाला दम लागतोच.

पण मी तो घेतला लिफ्टसाठी, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हायड्रोलिकसाठी. माझं मत असं की जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन शेवटी बघावं, आधी हायड्रोलिक बघावं. इंजिन कोणीही करून देतं. लिफ्ट उघडायला निघालो की तालुक्यात दोन-तीन हात सापडतात, आणि तेही सांगतात, "पुढल्या आठवड्यात या." मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन म्हणजे हॅरी फर्ग्युसन, त्याने नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी बांधला, वर टॉप लिंक आणि खाली दोन बाजू. रान कडक लागलं की नांगर टॉप लिंकला पुढे रेटतो, आत स्प्रिंग दबतं, व्हॉल्व्ह सरकतो आणि नांगर आपोआप बोटभर वर येतो. त्या वेळी नांगराचा भार मागच्या चाकांवर पडतो, म्हणून हलका ट्रॅक्टरसुद्धा घसरत नाही. सीटशेजारच्या दोन लिवरांपैकी एक या कामाचं, दुसरं नुसतं उंची धरायचं. बरेच जण आयुष्यभर एकच लिवर वापरतात आणि "मॅसी नांगराला कमी पडतो" म्हणतात.

तपासायची पद्धत मिस्त्रीने शिकवली. लिफ्टवर पलटी नांगर उचलायचा, त्यावर दोन माणसं उभी करायची, ट्रॅक्टर बंद करायचा आणि चहा प्यायचा. चहा होईपर्यंत नांगर वीतभर खाली आला तर सील किंवा सिलिंडर गेलाय. आमचा दोन बोटं आला. चालेल म्हटलं. पैसे मोजले, एक लाख पंचवीस.

आता जे नंतर कळलं ते.

पहिल्याच पावसाळ्यात लिफ्ट हिसके देत वर जायला लागली. तेल काढलं तर दुधासारखं. मॅसीत गिअर, हायड्रोलिक आणि मागचा डिफरेन्शियल सगळे एकाच तेलात, आणि हायड्रोलिकचा पंपही त्याच तेलात बुडालेला. गिअर लिवरच्या बुडातलं रबर फाटलेलं होतं, ट्रॅक्टर उघड्यावर उभा, पाऊस सरळ पेटीत. तीस लिटरच्या आसपास तेल, फिल्टर धुणं, रबर, मजुरी धरून साडेनऊ हजार. त्यातलं रबर शंभरच्या आतलं. विकत घेताना डीपस्टिक काढून तेलाचा रंग बघायला मीच विसरलो होतो. आता वर ताडपत्री असते.

दुसरं, तो पंप पीटीओच्या, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. पीटीओचं लिवर न्यूट्रलला गेलं की लिफ्ट मेली. पहिल्या आठवड्यात मी रानात अर्धा तास "लिफ्ट गेली" म्हणून डोकं धरून बसलो होतो. चुलत्याचा पोरगा आला, लिवर पुढे टाकलं आणि हसत निघून गेला. गावात अजून तो किस्सा चालू आहे. रोटाव्हेटर चालवणार असाल तर ड्युअल क्लचचाच बघा. अर्धा दाबला तर ट्रॅक्टर थांबतो पण रोटाव्हेटर आणि लिफ्ट चालू राहते, पूर्ण दाबला तर सगळं थांबतं. सिंगल क्लचवर बांधाशी वळताना हाल होतात.

तिसरं गिअरचं. तीन गिअर आणि हाय-लो, म्हणजे सहा. लो दुसरा आणि लो तिसरा यांच्यात मोठी दरी आहे. कडक रानात कल्टिव्हेटर मारताना दुसरा रेंगाळतो आणि तिसरा पळतो. इथे बी-२७५ चे आठ गिअर सरस, यात वाद नाही. सरी सोडताना ही अडचण रोज जाणवते, मग ॲक्सिलेटर कमी-जास्त करत बसावं लागतं.

डिझेल: कल्टिव्हेटरला तासाला पावणेतीन ते तीन लिटर, चार फुटी रोटाव्हेटरला साडेतीनच्या पुढे. पाच फुटी लावून बघितला, काळ्या रानात इंजिन खाली बसतं. खोडव्याची खोडं काढायला चार फुटीच बरा. कारखान्याला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढायचं स्वप्न बघू नका. मी शेणखताच्या एका ट्रॉलीच्या पुढे जात नाही, तेही उतार टाळून, कारण जानेवारीत डाव्या चाकाच्या सीलमधून तेल ब्रेकवर उतरलं आणि ट्रॅक्टर ब्रेक दाबला की उजवीकडे ओढायला लागला. दुरुस्ती बत्तीसशे. स्टिअरिंगचा ढिलेपणा अजून आहे, चतुर्थांश फेरा रिकामाच जातो.

सगळं मिळून अकरा महिन्यांत घातले एकोणतीस हजार, डिझेल सोडून. भाड्याने करून घेतलं असतं तर नांगरट-रोटाव्हेटर-सरी मिळून साधारण तेवढेच गेले असते, म्हणजे पहिल्या वर्षी फायदा शून्य. फरक एवढाच की या वेळी हरभरा वापशावर पेरला. आप्पांनी एकदाच चालवून बघितला. उतरल्यावर म्हणाले, "ओढतोय चांगला. पण आवाज नाही त्याच्यात."

तो १९७९ चा बी-२७५ शेवटी आमच्याच शिवेवरच्या एकाने घेतला. इंजिन नंबरचं त्याचं अजून मिटलेलं नाही, पण कल्टिव्हेटर तो माझ्यापेक्षा एकसारखा मारतो, गिअर त्याच्याकडे आहेत. पौषात सकाळी मात्र त्याचा हीटर तापेपर्यंत मी माझ्या बांधावर पोचलेलो असतो.