दोघांसाठी शिडाची बोट: बीव्हीआय की ग्रेनेडीन्स?

पाच-सहा रात्री, दोघंच, भाड्याची शिडाची बोट आणि कॅरिबियन समुद्र. इथपर्यंत एकमत झालं की खरा प्रश्न सुरू होतो: ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, ज्यांना सगळे बीव्हीआयच म्हणतात, की सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिणेला पसरलेली ग्रेनेडीन्स बेटं? फोटो बघून हा निकाल लागत नाही, पाणी दोन्हीकडे तितकंच निळं आहे. त्यापेक्षा दोघांपैकी समुद्राची हौस कमी कोणाला, आणि उघड्या समुद्रात सलग किती तास त्या माणसाला झेपतील, हे आधी विचारा. हौशी जोडीदाराचं मत इथे फारसं कामाचं नाही. त्याला किंवा तिला दोन्हीकडे मजाच येणार आहे.

समुद्र

बीव्हीआयचा नकाशा पाहिला की तिथे नवशिक्यांची गर्दी का होते ते लगेच कळतं. उत्तरेला टोर्टोला हे मोठं बेट, दक्षिणेला नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर, जिंजर अशी लहान बेटांची रांग, आणि मध्ये सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेल. अटलांटिकच्या मोठ्या लाटा बेटांवर अडतात. वारा मात्र आत येतो, हिवाळ्यात पंधरा-वीस नॉटचा (म्हणजे तासाला तितक्याच सागरी मैलांचा), पूर्वेकडून, जवळजवळ रोज. म्हणजे शीड भरायला वारा भरपूर आणि पोट ढवळायला लाटा कमी. पुढचा मुक्काम बहुतेक वेळा नजरेच्या टप्प्यात असतो आणि एक-दोन तासांत गाठता येतो. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, त्यामुळे कोकणातल्या खाड्यांसारखं वेळापत्रक सांभाळावं लागत नाही. त्रास व्हायचा तो पूर्वेला व्हर्जिन गोर्डाकडे जाताना. वारा समोरून येतो, नागमोडी जावं लागतं आणि अर्धा दिवस त्यात जातो. परतताना तोच वारा पाठीशी असतो.

ग्रेनेडीन्सची बेटं सेंट व्हिन्सेंटपासून दक्षिणेला ग्रेनाडाकडे ओळीने उतरत जातात, आणि दोन बेटांमधली जागा उघडी आहे. पूर्वेकडे थेट अटलांटिक. सेंट व्हिन्सेंट ते बेक्विया हे अंतर नऊएक सागरी मैलांचं, पण प्रवाह वाऱ्याला आडवा आला की लाटा उभ्या आणि आखूड होतात. बेक्वियाहून कॅनुआन म्हणजे तीन-चार तासांचा पल्ला. ज्याला शिडाचं वेड आहे त्याच्यासाठी हीच चैन: वारा बाजूने लागतो, बोट एका अंगावर झुकून धावते आणि इंजिनाचा आवाज तासन्‌तास ऐकू येत नाही. उत्तरेला परत येणं जड जातं. म्हणून अनुभवी लोक शक्य असेल तर सेंट व्हिन्सेंटला बोट घेऊन ग्रेनाडाला सोडतात. एकेरी प्रवासाचे जादा पैसे पडतात, पण माझ्या मते ते द्यावेत.

गेटवे ते मांडवा लाँचमध्ये डिझेलच्या वासाने आणि हेलकाव्याने ज्याचा चेहरा उतरतो, त्याला ग्रेनेडीन्सला नेऊ नका. बीव्हीआयमध्ये गोळी घेऊन तो माणूस दुसऱ्या दिवशी हसायला लागेल. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीत वारे आणखी चढतात, त्यांना तिकडे ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात, आणि त्या दिवसांत हा फरक दुप्पट जाणवतो. दोन्हीकडे मार्च-एप्रिल सगळ्यात सुखाचे.

मुक्काम

बीव्हीआयमध्ये बघण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते जवळजवळ आहे. व्हर्जिन गोर्डावरचे ‘द बाथ्स’ म्हणजे घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे एकमेकांवर कललेले आणि त्यांच्या खालून वाहणारं समुद्राचं पाणी. सकाळी लवकर पोचलात तरच त्याची गंमत, दहानंतर जत्रा असते. सॉल्ट आयलंडजवळ ‘आरएमएस ऱ्होन’ हे टपालाचं जहाज १८६७च्या वादळात बुडालं. त्याचा मागचा भाग इतका उथळ पाण्यात आहे की टाकी न लावता नुसत्या मास्कने पोहतानाही दिसतो. योस्ट व्हॅन डाइकच्या व्हाइट बेमध्ये धक्काच नाही, बोटीवरून पोहत बारमध्ये जायचं, खिशातले डॉलर भिजायचे. बारचं नावच ‘सॉगी डॉलर’. आणि अनेगाडा. ते पोवळ्याचं सपाट बेट आहे, सर्वात उंच जागा आठ-साडेआठ मीटरची, त्यामुळे जवळ जाईपर्यंत झाडांच्या शेंड्यांपलीकडे काही दिसत नाही. भोवती मोठा प्रवाळपट्टा, म्हणून आखून दिलेल्या मार्गानेच शिरायचं. सहा रात्रींत त्यातल्या दोन अनेगाडाला द्याव्यात असं मला वाटतं. बीव्हीआयमध्ये खरी शांतता मिळाली तर तिथेच मिळते.

कारण बाकी ठिकाणी गर्दी आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. बोट बांधायचे बोये हंगामात दुपारी दोन-तीनपर्यंत भरून जातात. काही बोये रोज सकाळी सातला ऑनलाइन आरक्षित करता येतात, आणि मग सुट्टीवर आलेले नवरा-बायको सातला पाच कमी असताना फोन हातात धरून बसलेले दिसतात. तत्काळ तिकिटाची सवय असलेल्या आपल्या लोकांना ते जड जाणार नाही म्हणा. शेजारच्या बोटीवरचं संगीतही ऐकावं लागतं.

ग्रेनेडीन्समध्ये ठिकाणं मोजकी, पण मनात जास्त काळ राहतात. बेक्वियाचं पोर्ट एलिझाबेथ हे खरंखुरं गाव आहे. लोक तिथे राहतात, बोटी बांधतात, बाजारात भाजी विकतात, आणि तुम्ही नसलात तरी गाव चालूच असतं. मेरो बेटावरची सॉल्ट व्हिसल बे म्हणजे वाळूची अरुंद पट्टी, एका बाजूला शांत पाणी आणि दुसऱ्या बाजूला वाऱ्याचं. आणि ज्यासाठी एवढा खटाटोप, ते टोबॅगो केज: पाच निर्जन बेटं, त्यांच्यापुढे घोड्याच्या नालेसारखा प्रवाळपट्टा. बोट त्या पट्ट्यामागे बांधायची. पाणी संथ, वारा सुसाट, समोर आफ्रिकेपर्यंत जमीन नाही. बॅराडल बेटाच्या कडेला हिरवी कासवं गवत खात असतात आणि माणसांची फारशी पर्वा करत नाहीत. मस्टीक हे श्रीमंतांचं खासगी बेट वाटेत लागतं. वगळलंत तरी काही बिघडत नाही.

१ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर धडकलं, आणि त्यात कॅरियाकू व टोबॅगो केजजवळच्या युनियन आयलंडवरची बहुतेक घरं मोडली. बीव्हीआयवर हाच प्रसंग सप्टेंबर २०१७मध्ये इर्मामुळे आला होता, पण तिथला धंदा मोठा, तो सावरला. युनियनच्या बाजूला जाणार असाल तर कुठली हॉटेलं, धक्के आणि दुकानं सुरू आहेत, हे बोट देणाऱ्यालाच नेमकं विचारा. जुन्या लेखांवर विसंबू नका. तिथे खर्च केलेले पैसे मात्र थेट गरजेच्या हातात पडतात.

ग्रेनेडीन्समध्ये नांगर टाकायच्या आधीच छोट्या होडीतून कोणीतरी येतो: पाव हवा का, आंबे हवेत का, बोया दाखवू का, रात्री किनाऱ्यावर लॉबस्टर भाजून देऊ का. काहींना हा त्रास वाटतो. मला तो तिथल्या प्रवासाचा अर्धा आनंद वाटतो, फक्त भाव आधी ठरवावा. बीव्हीआयमध्ये अमेरिकन डॉलर चालतो. इकडे पूर्व कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला २.७० या बांधलेल्या दराने.

बोट आणि तिसरा माणूस

स्वतः चालवायची बोट, म्हणजे बेअरबोट, घ्यायची तर कंपनी तुमचा आधीचा अनुभव लेखी मागते. बीव्हीआयमध्ये थोडा अनुभव चालून जातो. ग्रेनेडीन्समध्ये, कंपनी हो म्हणाली तरी, दोघांपैकी एकालाच बोट कळत असेल तर मी जाणार नाही. नांगर धरत नाहीये, वारा पंचवीसचा, आणि दुसरा माणूस आत आडवा पडलेला. अशी सुट्टी कोणालाच नको.

मग स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान. हा दिवसाच्या भाड्याने मिळतो, त्याचं जेवण तुमच्याकडे. पण तो झोपणार कुठे, हे जोडपी बुक करताना विसरतात. त्याला वेगळी खोली हवी, म्हणजे दोघांच्या बोटीला किमान दोन खोल्या. बोटीच्या भिंती पातळ असतात. मधुचंद्राला निघालेल्यांनी समजून घ्यावं. इथे कॅटामरान, म्हणजे जोड-नौका, उपयोगी पडते. तुम्ही एका अंगाला, स्किपर दुसऱ्या अंगाला, मध्ये अख्खी बैठक, शिवाय बोट फारशी कलतही नाही. एकअंगी बोट स्वस्त पडते आणि वाऱ्यावर चढायला चांगली, म्हणून ग्रेनेडीन्समध्ये हौशी लोक तीच मागतात. कप्तान आणि स्वयंपाकीसह, जेवणखाण धरून मिळणाऱ्या बोटीही आहेत. त्या दोघांसाठी महाग पडतात, वर पंधरा ते वीस टक्के बक्षिशी द्यायची रीत आहे, आणि अनेकींची किमान पाच रात्रींची अट असते. अशा बोटींची निवड बीव्हीआयमध्ये कितीतरी जास्त.

शाकाहारी असाल तर दोन्हीकडे सामान स्वतः भरा. टोर्टोलावरच्या रोड टाउनच्या सुपरमार्केटात बहुतेक सगळं मिळतं. डाळ, मसाले, पोह्यांसाठी मात्र पिशवीत जागा ठेवा. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडामध्ये एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर भारतीय मजूर नेले गेले, त्यामुळे तिथे रोटी हा रोजचा पदार्थ आहे: पातळ पोळीत गुंडाळलेली रस्साभाजी. बटाटा-चण्याची मागून घ्या.

पोहोचणं

इथे अनेकांचा निर्णय आपोआप होतो. बीव्हीआयला जायच्या सोयीच्या वाटा मायामी, सॅन हुआन किंवा सेंट थॉमसवरून जातात. ही सगळी अमेरिका, म्हणून नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडासाठी भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या भेटीला आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि लंडनहून विमानं आहेत. लंडनच्या ट्रान्झिट व्हिसाचं तेवढं पाहून घ्या. मुंबई-पुण्याहून निव्वळ पाच रात्रींसाठी निघणं म्हणजे जाण्या-येण्यातच सुट्टी घालवणं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये मुलांकडे, नातेवाइकांकडे गेला असाल तर गोष्ट वेगळी.

न्यू जर्सी, टेक्ससवाल्यांसाठी आणखी एक. एच-वन-बीवर असाल आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर या दोन्ही ठिकाणांहून परत येताना नव्या शिक्क्याशिवाय विमानात बसता येणार नाही. त्यांनी अमेरिकन व्हर्जिन आयलंड्सचा विचार करावा: सेंट थॉमसला बोट घ्यायची, अमेरिकन हद्दीतच राहायचं आणि सेंट जॉनभोवती फिरायचं. त्या बेटाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग राष्ट्रीय उद्यान आहे, आणि खाड्या बीव्हीआयपेक्षा शांत. कागदपत्रं मात्र सगळी बरोबर ठेवा, विमानतळावर विचारतात.

माझा कौल असा: पहिलीच वेळ, दोघांपैकी एक साशंक, हातात पाच-सहा रात्री, तर बीव्हीआय, कॅटामरान आणि स्किपर. दोघांनीही आधी चार दिवस बोटीवर काढलेले असतील आणि आठवडा मोकळा असेल, तर ग्रेनेडीन्स, एकेरी, उत्तरेकडून दक्षिणेकडे. दोघांपैकी एक अगदीच घाबरत असेल तर बेक्वियात किंवा व्हर्जिन गोर्डावर खोली घ्या आणि एक दिवसाची बोट करून बघा.

तारखा ठरवताना जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ आहे हे लक्षात ठेवा; ऑगस्ट ते ऑक्टोबर तर दोन्हीकडे निम्मी दुकानं बंद असतात. वादळामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की पुढची तारीख, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी घ्या. आणि सेंट व्हिन्सेंट किंवा ग्रेनाडाला जाणार असाल तर लष्करी चट्ट्यापट्ट्यांची चड्डी-टोपी घरीच ठेवा. तिथे नागरिकांनी तसे कपडे घालणं कायद्याने गुन्हा आहे.