रुचिरा: जुनी बांधून घ्यावी की नवी आणावी?

घरातल्या 'रुचिरा' या पाककृतींच्या पुस्तकाची पानं सुटायला लागली असतील आणि दुकानात नवी कोरी प्रत दिसत असेल, तर आधी जुन्या प्रतीचे समास बघा. कुणी काही लिहिलेलं नसेल तर विचार कसला करताय, नवी घ्या. लिहिलेलं असेल तर पुढचं वाचा.

'रुचिरा' लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. त्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. मापं वाटी-चमच्यात दिल्यामुळे ते घरोघरी चाललं, पण जुनी-नवी करताना गोची तिथंच होते. प्रत्येक घरची वाटी वेगळी. सगळे जिन्नस एकाच वाटीनं घेतले तर काही बिघडत नाही. पण जिथं वाटीच्या जोडीला चमचा, लिंबू किंवा नारळ येतो, तिथं प्रमाण हलतं. १५० मिलिलिटरच्या वाटीनं दोन वाट्या पिठाला बेताचा झालेला सोडा, २४० मिलिलिटरच्या मेजरिंग कपानं दोन कप पीठ घेतलं की कमी पडणारच. समासात आजीनं 'सोडा निम्मा पुरे' लिहिलंय ते तिच्या वाटीसाठी. म्हणून नवी प्रत आणणार असाल तर आधी ती वाटी शोधा, पाणी भरून मापा आणि आकडा नव्या प्रतीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वाटी मोडीत गेली असेल तर जुन्या टिपांवरून तिखट-गोडाचा अंदाज घ्यायचा, मापं नव्यानं बसवायची.

जुनी प्रत बाइंडिंगला टाकण्याआधी एखाद्या कोऱ्या पानाचा कोपरा दोन-तीनदा मागं-पुढं दुमडा. तुटला तर कागदातल्या आम्लानं तो ठिसूळ झालाय. अशी पानं शिवली की टाक्यांच्या रेषेवरच फाटतात. त्यापेक्षा झेरॉक्स काढून स्पायरल करून घेतलेलं बरं, ओट्यावर सपाटही राहतं. कोपरा टिकला तर बिनधास्त बांधून घ्या, फक्त कडा कापताना समासातलं अक्षर जाणार नाही एवढं बाइंडरला बजावा. सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून छपाईत उतरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत निघत नाही.

नव्या प्रतीची छपाई स्वच्छ, डोळ्यांना सोपी. मात्र आवृत्ती बदलली की पानांचे आकडे सरकू शकतात आणि 'पान अमुक बघ' अशा टिपा लटकतात. घरात नेहमी होणारे पाच-सात पदार्थ अनुक्रमणिकेत दुकानातच शोधून घ्या.

सांगलीकरांना आणखी एक बघावं लागतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. तुमची एकुलती जुनी प्रत खालच्या फळीवर असेल तर आजच वर ठेवा आणि लिहिलेल्या पानांचे फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाका.

माझं मत विचाराल तर पुण्याला खोली घेऊन राहणाऱ्या लेकीला नवी द्यावी. तिला भाजी करताना वाचायचं आहे, तेलाचे डाग पडले तरी जीव कळवळायला नको. जुनी ज्याला आजीचं अक्षर लागतं त्याच्याकडे. दोघी बहिणींना तेच लागत असेल तर मात्र बाइंडरही काही करू शकत नाही.