आधी सायलेन्सर की आधी टायर? छोट्या स्पोर्ट बाइकच्या अपग्रेडचा हिशोब

स्लिप-ऑन सायलेन्सर बसवला त्या दिवशी माझी गाडी वेगवान झाली, अशी माझी चांगली तीन आठवडे खात्री होती. मग एका ट्रॅक डेला सरळ पट्ट्यावर मित्राच्या गाडीशी ताडून पाहिलं. त्याचीही तीच ३०० सीसी, फक्त सायलेन्सर कंपनीचा. दोघांनी चौथ्या गिअरमध्ये ६० चा वेग धरला, त्याने मान हलवली आणि आम्ही थ्रॉटल पूर्ण पिळलं. माझी गाडी जोरात गरजली, आणि तो अर्धी गाडी पुढे निघून गेला. तो माझ्यापेक्षा दहाएक किलोनं हलका आहे, बाकी फरक काही नाही.

म्हणजे मी पैसे कानासाठी दिले होते. तेही चूक नाही. आवाज आवडत असेल तर जरूर द्यावेत. पण १५० ते ४०० सीसीच्या गाडीवर काही खर्च करायचं मनात असेल आणि ‘आधी काय?’ यावर गाडं अडलं असेल, तर इंजिनाची वाट आणि जमिनीकडची वाट शेजारी ठेवून एकदा नीट बघा. इंजिनाच्या वाटेवर सायलेन्सर, फिल्टर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक). जमिनीकडच्या वाटेवर टायर, ब्रेक, सस्पेन्शन. चेन-स्प्रॉकेट, म्हणजे चेन आणि तिची दातेरी चाकं, या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतं. आणि गाडी विकून मोठी घेण्याची तिसरी वाटही आहे, जिचं नाव अपग्रेडच्या गप्पांत सहसा निघत नाही.

इंजिनाची वाट

उदाहरणाला कावासाकी निंजा ३०० घेऊ. २९६ सीसी, ११,००० आरपीएमला ३९ पीएस (साधारण तेवढेच हॉर्सपॉवर), १०,००० ला २७ एनएम टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर. एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद कंपनीनेच पिळून काढलेली असते. मागे सोडलेलं फार थोडं. स्लिप-ऑनमध्ये बदलतो तो फक्त शेवटचा डबा. इंजिनापासून निघणारे पाइप तेच, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम तोच, ईसीयूतला मॅपही (किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) तोच. एखादा पीएस वाढला तर चांगलंच म्हणायचं. वजन दोन-तीन किलोनं उतरतं, आणि माझ्या मते स्लिप-ऑनचा खरा फायदा तोच.

आता आकडे मांडा. ३९ मध्ये एक पीएस म्हणजे अडीच टक्के. गाडी आणि चालवणारा मिळून २४० किलो धरले, तर तीन किलो म्हणजे सव्वा टक्का. दोन्ही मिळून चार टक्केही होत नाहीत. हे चार टक्के लक्षात ठेवा, स्प्रॉकेटच्या वेळी लागतील.

पुढची पायरी फुल सिस्टीम, म्हणजे इंजिनापासूनचे पाइपही बदलणं. इथे मात्र इंधनाचा प्रश्न येतो. छोट्या गाड्यांतला ऑक्सिजन सेन्सर संथ चालवताना हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखतो. थ्रॉटल पूर्ण उघडलं की ईसीयू सेन्सरला विचारत नाही, मॅपमध्ये जे लिहिलंय तेवढंच पेट्रोल सोडतो. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं: थ्रॉटल सोडल्यावर फटफट फुटतं, मधल्या आरपीएमला गाडी अडखळते, इंजिन जास्त तापतं. त्यावर उपाय म्हणजे फ्युएल मॉड्यूल किंवा ईसीयू रिमॅप, आणि तोही डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी बसवून केलेला. म्हणजे सायलेन्सरचा खर्च सायलेन्सरवर थांबत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हेच काम मोठ्या भोकाचा मेन जेट घालून आणि पेट्रोल रोखणाऱ्या नीडलखाली बारीक वॉशर सरकवून होतं. ते स्वस्त असतं, पण पहिल्या प्रयत्नात जमलं तर माझ्याकडून शाबासकी.

कॉटनचा एअर फिल्टर? धुऊन परत वापरता येतो, ही त्याची जमेची बाजू. ताकद म्हणाल तर स्वच्छ कागदी फिल्टरपुढे फरक हाताला लागत नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवण्याबद्दल एवढंच सांगतो की वॉरंटी संपलेली आणि दुसरी गाडी दारात उभी असेल तरच त्या फंदात पडा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढलेली किंवा मर्यादेपेक्षा मोठ्याने ओरडणारी गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही, हेही विकत घेण्याआधी बघायचं असतं.

एका दाताची किंमत

निंजा ३०० ला पुढे १४ दातांचं आणि मागे ४२ दातांचं स्प्रॉकेट येतं. ४२ भागिले १४, बरोबर ३. पुढचं १३ चं केलं की गुणोत्तर ३.२३ होतं. प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकावरचा जोर पावणेआठ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सायलेन्सरच्या दुप्पट, आणि तेही लोखंडाच्या तळहाताएवढ्या चकतीत. पिकअप हवं असेल तर हा सगळ्यात स्वस्त इलाज, यात मला तरी शंका नाही.

याची वसुली दुसरीकडून होते. ज्या वेगाला इंजिन ७,००० वर फिरायचं, त्याच वेगाला आता ७,५०० च्या थोडं वर फिरतं. हायवेवर तास-दोन तास चालवणाऱ्याला हे हातापायांत जाणवतं, मायलेजमध्येही दिसतं. ज्या गाडीत वेगाचा सेन्सर पुढच्या स्प्रॉकेटपाशी असतो तिथे स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतं: काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी ९३ वर असते, आणि किलोमीटरही जास्त चढतात. सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर ही भानगड नाही.

मागे तीन दात वाढवले, ४५ केले, तरी हिशोब जवळपास तोच येतो. फक्त तेव्हा चेन लांब घ्यावी लागते. पुढचा एक दात कमी केला तर बहुतेक वेळा तीच चेन चालते, पण लहान स्प्रॉकेटवर ती जास्त मुरडते आणि स्विंगआर्मवरची रबरी पट्टी लवकर झिजते. चेन आधीच ढिली आणि जुनी असेल तर एकटं नवं स्प्रॉकेट घालू नका. जुनी चेन नवे दात खाऊन टाकते.

जमिनीकडची वाट

इथे डायनोवर आकडा हलत नाही, म्हणून ही वाट लोकांना कंटाळवाणी वाटते. माझं मत उलट आहे. छोट्या गाडीची सगळी मजा वळणात वेग न गमावण्यात असते; सरळ रस्त्यावर मोठ्या गाडीने तुम्हाला गाठणं ठरलेलंच आहे.

टायरपासून सुरुवात करा. छोट्या गाडीला कंपनी टायर देते तो बहुधा जास्त चालावा म्हणून. त्याचं रबर कडक असतं. त्याच मापाचा मऊ, चांगल्या जातीचा टायर घातला की पहिल्याच ओल्या रस्त्यावर फरक कळतो. आयुष्य कमी होणार, हे धरूनच चाला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात ते वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. दुकानात सवलतीत मिळणारा टायर कधीकधी याच कारणाने सवलतीत असतो. नवा टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा, वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत.

माप वाढवायचा मोह मात्र आवरा. निंजा ३०० आणि यामाहा आर३, दोघींना मागे १४०/७०-१७ येतो. त्याजागी १५०/६० घातला की मागून गाडी भरदार दिसते, ते खरं. पण १४० चे ७० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर, आणि १५० चे ६० टक्के म्हणजे ९०. म्हणजे रुंद टायर घालून गाडीचा मागचा भाग आपण ८ मिलिमीटर खाली बसवला. पुढच्या फोर्कचा कल तेवढा वाढला आणि वळणात शिरताना गाडी आळशी झाली. ज्या चपळाईसाठी छोटी गाडी घेतली, तीच टायरवाल्याला पैसे देऊन घालवली.

ब्रेकच्या बाबतीत लोक मोठ्या डिस्कची स्वप्नं बघतात. आधी मास्टर सिलिंडरच्या खिडकीतून ब्रेक ऑइल बघा. नवं असताना ते जवळपास पारदर्शक असतं. माझ्या गाडीत निघालं ते गंजलेल्या पाण्याच्या रंगाचं होतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा उकळबिंदू ताजा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर मानकाप्रमाणे तो १५५ पर्यंत उतरतो. लांब उतारावर लिव्हर अचानक मऊ पडतं ते याच कारणाने: ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि आपण बुडबुडे दाबत बसतो. दर दोन वर्षांनी ते बदला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ चालतं. नावं कुणी ठेवली कोण जाणे.

त्यानंतर सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेले) पॅड आणि स्टीलच्या जाळीची ब्रेक होज. जुनी रबरी होज दाबाने किंचित फुगते, स्टीलची फुगत नाही. ब्रेकची ताकद त्याने वाढत नाही, पण बोटाला नेमकं किती दाबलंय ते कळायला लागतं. रोज चालवणाऱ्याला मी एवढ्यावर थांबायला सांगेन. मोठी डिस्क ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणाऱ्याचं काम.

सस्पेन्शनला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि त्यातलं पहिलं काम फुकट होतं. मापपट्टी घ्या. मागचं चाक जमिनीवरून उचलून अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग हेल्मेट-जॅकेट घालून गाडीवर बसा, एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने तेच अंतर परत मोजायचं. या दोन मापांतला फरक म्हणजे सॅग. स्पोर्ट चालवण्यासाठी तो ३० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास हवा. माझा ४८ निघाला. दोन वर्षं मी गाडीला ‘वळणात तरंगते’ म्हणून नावं ठेवत होतो, आणि ती बिचारी माझ्या वजनाखाली अर्धी बसलेली होती.

शॉकवरची प्रीलोडची रिंग (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी) फिरवून सॅग कमी करता येतो. पण प्रीलोडने स्प्रिंग कडक होते हा गैरसमज आहे; तिची फक्त सुरुवातीची उंची बदलते. प्रीलोड पूर्ण चढवूनही सॅग जास्त येत असेल, किंवा तुम्ही उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने जराही बसत नसेल, तर स्प्रिंगच तुमच्या वजनाला कमी पडते आहे. जड माणसासाठी ‘टायरनंतर लगेच स्प्रिंग’ हा क्रम मी डोळे मिटून सांगेन. हलक्या माणसाला कदाचित लागणारही नाही.

पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीला एक केबल टाय बांधा आणि चालवून या. टाय जिथे सरकून थांबला तिथपर्यंत फोर्क दबला होता. तो अगदी तळाशी गेला असेल तर ब्रेक मारताना फोर्क आपटतो आहे. साध्या फोर्कमध्ये ऑइल एका ठरलेल्या भोकातून जातं, आणि भोकाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून हळू हालचालीत फोर्क ढिला लागतो आणि खड्ड्यावर मनगटाला दणका देतो. १०डब्ल्यूच्या जागी १५डब्ल्यू, म्हणजे जास्त दाट, ऑइल घातलं की ढिलेपणा कमी होतो, दणका मात्र वाढतो. दोन्ही सुधारायचं तर कार्ट्रिज एम्युलेटर नावाचा छोटा व्हॉल्व्ह आत बसवावा लागतो. निदान जुनं ऑइल तरी बदला. ब्रेक ऑइलची आठवण चारचौघांना असते, फोर्क ऑइलची कुणालाच नसते.

रिअर सेट (मागे-वर सरकवलेले पायदान), छोटे लिव्हर, टेल टायडी (मागच्या नंबरप्लेटची छोटी पट्टी), स्टिकर: आवड तुमची. लिथियम बॅटरीने दोनेक किलो वाचतात, पण चार्जिंग व्होल्टेज तिला चालतं का ते तपासा, आणि कडाक्याच्या थंडीत ती पहिल्या दमात सुरू होईलच असं नाही.

आणि मोठी गाडी?

ताकदच हवी असेल तर प्रामाणिकपणे हा पर्याय मांडायला हवा. २०१८ साली आलेली निंजा ४०० ३०० पेक्षा किंचित हलकी, आणि टॉर्क २७ च्या जागी ३८ एनएम. म्हणजे चाळीस टक्के जास्त, तोही २,००० आरपीएम आधी. फुल सिस्टीम, रिमॅप, फिल्टर आणि डायनोचे तास एकत्र केले तरी ३०० याच्या जवळपास जात नाही. त्या सगळ्याचा खर्च आणि जुनी गाडी विकून येणारे पैसे यांची बेरीज करून मोठ्या गाडीच्या किमतीशी ताडून बघा. पुष्कळदा फरक वाटतो तेवढा मोठा नसतो.

तेव्हा शहरात सिग्नल ते सिग्नल चालवणाऱ्याने पुढचं स्प्रॉकेट आणि ब्रेक ऑइल करावं, बाकी सोडून द्यावं. हायवेवाल्याने स्प्रॉकेटला हात लावू नये; टायर आणि सॅग पाहावा. घाटात किंवा ट्रॅकवर रमणाऱ्याने टायर, पॅड आणि होज, मग स्प्रिंग, या क्रमाने जावं, आणि सायलेन्सर सगळ्यात शेवटी. फक्त आवाजच हवा असेल तर सरळ स्लिप-ऑन घ्या, पण मित्राशी रोल-ऑन, म्हणजे सुरुवातीला सांगितली तशी थ्रॉटल पिळायची शर्यत, लावू नका.

काढलेला एकेक मूळ भाग, बोल्टसकट, पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. विकताना माझी गाडी बघायला आलेल्या तिघांपैकी दोघांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘कंपनीचा सायलेन्सर आहे ना?’ हाच. होता. परत चढवायला चाळीस मिनिटं लागली, त्यातली पंचवीस एक गॅस्केट शोधण्यात गेली.