शब्दशोधक अ‍ॅप, सात महिन्यांनंतर

अक्षरं टाकायची आणि ती असलेले इंग्रजी शब्द मिळवायचे, एवढंच काम करणारं एक अ‍ॅप गेले सात महिने माझ्या फोनवर आहे. घेतलं होतं स्क्रॅबलसाठी, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द बनवायच्या खेळासाठी. पुढे वर्डल (पाच अक्षरी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ) आणि क्रॉसवर्डलाही जुंपलं. नाव सांगत नाही, कारण अशी अ‍ॅप्स ढिगाने आहेत आणि कुठलंही घेतलंत तरी तपासून बघायच्या गोष्टी याच.

पहिले दोन आठवडे मी त्याला शिव्या घालत होतो. चूक निम्मी माझी होती. ‘आर, ए, टी ही अक्षरं असलेला शब्द’ असं आपण सहज म्हणतो, पण त्याचे चार अर्थ निघतात. तिन्ही अक्षरं याच क्रमाने, एकमेकांना चिकटून हवीत? मग ‘पायरेट’ चालेल. क्रम तोच, पण मध्ये दुसरं कोणी घुसलं तरी हरकत नाही? मग ‘रोस्ट’. क्रमाचं काही नाही, नुसती असली म्हणजे झालं? मग ‘हार्ट’ही आलं. आणि फक्त हीच अक्षरं, चौथं नको असेल, तर उरतात ‘रॅट’, ‘आर्ट’, ‘टार’. क्रॉसवर्डवाल्याला जागा धरून शोधायचं असतं, स्क्रॅबलवाल्याला शेवटचा प्रकार लागतो. माझं अ‍ॅप उघडल्या उघडल्या पहिलाच प्रकार धरतं आणि बाकीचे तीन एका बारीक चिन्हामागे दडवून ठेवतं. ते चिन्ह मला सोळाव्या दिवशी सापडलं.

आपल्याला आणखी एक अडचण असते, ती अ‍ॅपची नाही. आपण कानाने शब्द शोधतो. डोक्यात ‘फ’ वाजतो आणि बोट एफवर जातं. शब्दात मात्र पीएच किंवा ‘लाफ’सारखा जीएच बसलेला असतो. ‘नाइफ’ के पासून सुरू होतो हे शाळेत पाठ केलेलं असूनही एनखाली शोधण्यात मी एकदा बराच वेळ घालवला. अ‍ॅपला उच्चार कळत नाही, फक्त स्पेलिंग कळतं. हे अंगवळणी पडायला महिना गेला. (मराठीत असं अ‍ॅप करायचं तर ‘का’ आणि ‘कि’ यांतला क एकच धरायचा की दोन वेगळे, इथूनच भांडण सुरू होईल.)

वेगाबद्दल मात्र तक्रार नाही. बोट उचलायच्या आत यादी येते. सुरुवातीला वाटायचं, हे एवढ्या लाखो जुळण्या कधी करून बघतं? तशा ते करतच नाही. ‘फक्त हीच अक्षरं’ या प्रकारासाठी जुनी, सोपी युक्ती अशी की शब्दातली अक्षरं आधीच एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवायची. ‘ट्रायँगल’ची होतात ए-ई-जी-आय-एल-एन-आर-टी. ‘इंटिग्रल’, ‘रिलेटिंग’, ‘ऑल्टरिंग’ यांचीही नेमकी तीच होतात, म्हणून चौघं एकाच खणात पडतात. तुम्ही अक्षरं कशीही उलटीपालटी टाका, अ‍ॅप ती क्रमाने लावून सरळ तो खण उघडतं.

आता दोष. पहिला म्हणजे एकच अक्षर दोनदा टाकलं तर माझं अ‍ॅप ते एकदाच मोजतं. दोन झेडवाले शब्द मागितले, तर ‘पझल’ आणि ‘जॅझ’बरोबर ‘झीरो’ही घेऊन आलं. स्क्रॅबलमध्ये याने घात होतो. तिथे १०० टाइल्समध्ये झेड एकच असतो, दुसरा लागला तर कुठलंही अक्षर मानता येणारी कोरी टाइल खर्चावी लागते, आणि कोऱ्या असतात फक्त दोन. म्हणून चार झेडचा ‘पिझॅझ’ त्या संचात लावताच येत नाही. अ‍ॅपने तो मला ‘सर्वाधिक गुण’ या मथळ्याखाली सुचवला होता!

दुसरा दोष यादीच्या वयाचा. माझ्या भाच्याने ‘ओके’ लावलं. अ‍ॅप म्हणालं, असा शब्द नाही. मी ऐटीत आक्षेप घेतला आणि तोंडावर पडलो. अमेरिकेतल्या स्क्रॅबल खेळाडूंच्या कोशात तो २०१८ मध्ये आला, ब्रिटनमध्ये चालणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत २०१९ मध्ये. माझ्या अ‍ॅपची यादी त्याच्याही आधीची. “मामा, अ‍ॅप बदल,” एवढंच बोलून भाच्याने चुकलेल्या आक्षेपापायी माझी खेळी गिळली. तेव्हापासून मी नवीन अ‍ॅपमध्ये आधी ‘ओके’ टाकून बघतो. यादी कुठली आहे हेही बघावं: कॉलिन्समध्ये पावणेतीन लाखांच्या वर शब्द आहेत, अमेरिकी यादी त्याहून बरीच लहान. एकीत चालणारा शब्द दुसरीत बाद होऊ शकतो.

वर्डलसाठी म्हणाल तर बेतास बात. ‘हे अक्षर नको’ सांगायची सोय आहे, पण ‘हे आहे, फक्त या जागी नाही’ हे सांगता येत नाही, आणि पिवळ्या चौकोनाचा अर्थ नेमका तोच. शिवाय मूळ वर्डलमध्ये उत्तरं सुमारे २,३०० होती आणि टाकू दिले जाणारे शब्द १२ हजारांवर. अ‍ॅप दोन्ही एकाच टोपलीत ओततं, त्यामुळे कधीच उत्तर नसणारे चमत्कारिक शब्द वर तरंगतात.

कामाचं जे मिळालं ते छोट्या शब्दांत. क्यू हातात आला की मी यू ची वाट बघत बसायचो. आता ‘ची’ ठाऊक आहे, म्हणजे चिनी कल्पनेतली प्राणशक्ती, स्पेलिंग क्यू-आय. ‘नकाब’, ‘फकीर’, ‘तलाक’ हे शब्दही यू शिवाय नुसत्या क्यूने लिहिलेले कोशात सापडतात. आपल्या कानावरचे शब्द असे हाताशी आल्यावर दहा गुणांच्या त्या टाइलची भीती गेली.

चालू डावात आता अ‍ॅप उघडत नाही. घरात तसा ठराव झाला आहे, मीच मांडलेला, ‘ओके’नंतर. डाव संपला की मात्र हातून काय सुटलं ते बघतो. परवा रॅकवर (हातातल्या टाइल्स ठेवायच्या पट्टीवर) ए, ई, आय, एन, आर, एस, टी होते. मी ‘ट्रेन्स’ लावलं आणि सहा टाइल्स एका दमात गेल्या म्हणून स्वतःवर खूश होतो. रात्री अ‍ॅपने त्याच सात अक्षरांचे ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’, ‘नॅस्टियर’ समोर ठेवले. सातही टाइल्स लावल्याचे पन्नास गुण वेगळे मिळाले असते, आणि मी तो एक ई पुढच्या तीन खेळ्या रॅकवर जपून ठेवला होता.